हातभर पोळी

दाढीच्याच ब्लेडनं हात भादरला,
मनगटापासून कोपरापर्यंत.
कौतिकाबाईची पहिली अट तीच :
"केस आले कणकेत त मी नाई खात, बाप्पा."

मग लोकवनची कणीक, चिमूटभर मीठ,
आणि पाणी, पाणी, आणखी पाणी.
मी म्हटलं, हे तर पिठलं झालं.
ती म्हणाली, "आपट."

परातीत आपटत राहिलो.
उचल, आपट. उचल, आपट.
शेवंताचं पोर कुंपणावरून विचारून गेलं,
धुनं धुता का, काका?

केव्हातरी कणकेला तार सुटली.
बोटांमधून लोंबू लागली,
पडेना.

अंगणात तीन दगडांवर मडकं पालथं.
पळसाच्या काटक्या, डोळ्यांत धूर.
गोळा या हातावरून त्या हातावर,
पाण्याचा हात, परत,
कोपरापर्यंत लांबला तो, पातळ, गार,
धुऊन धुऊन विरलेल्या धोतरासारखा,
आणि फेकला.

अर्धा मडक्यावर. अर्धा चुलीत.

कौतिकाबाई हसली नाही.
स्वतःचा हात पुढं केला.
कोपराखाली काळसर चट्टे, सहा-सात.
"हे लग्नाघरचे," म्हणाली.
"हा पवनीचा. हा लाखांदूरचा.
हा माह्याच लग्नातला."

तिसरी जमली, भोकासकट.
वांग्याच्या रश्शात बुडवून
उभ्यानंच खाल्ली.

आज चौकात न्हाव्यानं विचारलं,
हाताले काय झालं, गुरुजी?
खुंट वर येतायत. सदऱ्याला अडकतात.
रविवारी पुन्हा ब्लेड.