देवदूताचा मुका

आमच्याकडे आईस्क्रीमला हिम म्हणतात.
ओआहाकाच्या या चौकात
हिम पडताना कुणीही पाहिलेलं नाही,
माझ्या चोने आत्यानेही नाही,
जिने बेचाळीस वर्षं लाकडी बादलीत
मीठ आणि बर्फ ठेचून
पत्र्याचा डबा गरागरा फिरवला
आणि मनगटं गेली तेव्हा गाडी मला दिली.

सोबत फळा दिला. फळ्यावरची नावं तिचीच.
चिंच-मिरचीला ती म्हणे सासूचा उसासा.
मेस्कल घातलेल्याला, पाद्रीबाबांची दुपार.
खुद्द पाद्रीबाबा तेच मागत,
पण नाव न घेता: "ते, जेवणानंतरचं."
मक्याचं होतं, निवडुंगाच्या लाल बोंडांचं होतं,
डुकराच्या कुरकुरीत चामडीचंही होतं, जे
पैज हरलेली पोरं खात
आणि एकदा खाल्लं की पैजेविनाच मागत.

आणि जळकं दूध.
परगावचे विचारतात, चुकून लागलं का हो?
चुकून नाही. मुद्दाम लावावं लागतं, तळाशी,
नाक "आता पुरे" म्हणेपर्यंत,
आणि मग आणखी जरासं.
घरी दूध करपलं की बोलणी बसतात,
इथे त्याचेच पैसे मिळतात.

शेवटच्या डब्यात गुलाबी साय, चेरी, बदामाचे काप.
नाव: देवदूताचा मुका.
देवदूत कोण म्हणतंय!
घाईत सगळे म्हणतात, "एक मुका द्या."
पोरं तर मुद्दाम ओरडत, "दोन मुके, एक मोठा!"
नवरे बायकांना पुढे करत.
मी तिशीची होते, मान खाली घालून डबा ढवळायची.

हेर्मिलो सारासुआ घड्याळं दुरुस्त करायचा.
रविवारी प्रार्थना सुटली की रांगेत,
हॅट छातीशी,
नजर गुलाबी डब्यावर.
नंबर आला की ओठ हलायचे,
मुका मागायला आलेला माणूस
मुका व्हायचा,
मग खोकून म्हणायचा, "जळकं. एक."
अकरा वर्षं.

यंदा फळा रंगवायला काढला.
माझ्या मनात आलं, बिचाऱ्याला सोपं करून द्यावं.
पांढऱ्या रंगाने लिहिलं: नंबर सात.
झालं. सातला कसली लाज?

रविवारी तो आला. हॅट छातीशी.
फळा वाचला. चष्मा पुसला. पुन्हा वाचला.
आणि सगळी रांग, फुगेवाला,
पायरीवरच्या तीन म्हाताऱ्या ऐकत असताना
असा ओरडला, जसं कुणी त्याचं घड्याळच पळवलंय:
"अहो, इथला मुका कुठे गेला?"

कबुतरं उडाली.
म्हाताऱ्यांपैकी एक म्हणाली, "माझाही सापडत नाहीये."
तो कानापर्यंत लाल. मीही.
मी न बोलता पेला भरला, चेरी दोन घातल्या,
आणि पैसे घेतले,
फुकट दिला असता तर गावाने काय म्हटलं असतं!

बाकावर बसून त्याने सगळा खाल्ला,
तासभर, स्क्रू फिरवावा तसा चमचा फिरवत.
पेला परत करायला आला
तेव्हा मिशीला गुलाबी लागलं होतं.
"फार गोड आहे," म्हणाला,
"पुढच्या रविवारी आपलं जळकंच."

संध्याकाळी मी रंगाचा डबा उघडला
आणि नाव होतं तसं लिहिलं.