एकोणीसशे टन निकेल

पासवर्ड बोटांनी टाकला, मी नाही.
कुत्रीचं नाव, ती गेली ते साल,
पुढे एक उद्गारचिन्ह.
तेव्हा ते सक्तीचं होतं.

खाली कालसोयची शेवटची फेरीबोट धक्क्याला लागली.
चार गाड्या उतरल्या, मी मोजल्या.
सगळ्या क्लाक्सविकवर धुकं,
आणि माझ्या हातांना सॅमनचा वास,
तीनदा साबण लावला तरी
न बोलावलेल्या पाहुणीसारखा ठाण मांडून.

पडदा म्हणाला, आठ वर्षांत पुष्कळ बदललंय,
दाखवू का? वगळा.
नव्या तारामंडळांचा फेरफटका? वगळा.
शस्त्रांची सवलत? वगळा रे बाबा.

मग ते दिसलं.
तेरा नंबरच्या गोदीत, सोडलं तिथेच,
माझं मालवाहू जहाज, पोट सुटलेलं, ढब्बं,
नाकावर ठिगळ.
नाव: मार्यून आत्या.
या नावावर सगळा ताफा महिनाभर हसला होता.
धूळ शोधली मी, उगाच.
तिथे धूळ नसते,
तिथे जुनं काही होत नाही,
नुसता भाव पडतो.

पोटात एकोणीसशे टन निकेल,
त्यावर माझीच चिठ्ठी:
आन्सेल्मूचं आहे. सकाळी पोचवणे.

ती सकाळ.
हाइनी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसला,
म्हणाला, जरा थांबतो.
तीन वर्षं मी त्याला चमच्यानं भरवलं.
नंतरची पाच कशात गेली
ते नीट सांगता येत नाही.

मित्रांच्या यादीत चाळीस नावं, राखाडी.
हिरवं एकच, आणि ते कुणाचं ते आठवेना.
त्यानं लिहिलं, ओळखलंत?
मी अकरा वर्षांचा होतो, इंधन संपलेलं,
तुम्ही दिलंत, वर ओरडलात, झोपायला जा म्हणून.
मी लिहिलं, हो तर!
खोटं.
(ओरडले असेन, ते मात्र खरं.)
आता तो तार्तूत दातांचा डॉक्टर व्हायला शिकतो.
म्हणाला, एकट्या जाऊ नका, सोबत येतो.

निघालो.
मासे सोलून सोलून वाकडी झालेली ही बोटं,
थंडीत सदऱ्याचं बटण लागत नाही यांना,
ती दारापाशी अशी वळली
की मीच बघत राहिले.
त्या दाराशी पूर्वी कोण गर्दी,
शिव्या, लिलाव, कुणाचं तरी रडणारं बाळ.
आता चिटपाखरू नाही.
लुटायलासुद्धा कुणी आलं नाही,
याचं जरा वाईट वाटलं.

आन्सेल्मू अझोर्सचा. कधी पाहिला नाही मी त्याला.
त्याच्या माइकमागे कोंबडे आरवायचे
आणि तो म्हणायचा,
घाई कसली बाई, दरोडेखोर जेवायला गेलेत.

त्याच्या कोठाराशी माल लावला. पाटी आली:
घेणारा शेवटचा दिसला
दोन हजार एकशे चार दिवसांपूर्वी.

मी कागद घेतला. आठ वर्षांचे दिवस मांडले,
वजाबाकी केली, चुकली, पुन्हा केली.
म्हणजे माझ्यानंतर सव्वादोन वर्षं
तो येत होता.

मुलगा म्हणाला, एक सांगू?
निकेल आता कुणी घेत नाही.
मी म्हटलं, माहीत आहे.
हेही खोटं. मला कुठलं माहीत.

बटण दाबलं. पाटी म्हणाली,
तीस दिवसांत न उचलल्यास
माल पाठवणाऱ्याकडे परत येईल.

पाचचा गजर लावला.
स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर,
जिथे कचऱ्याचे वार लिहिते मी, त्या खाली,
पुढच्या महिन्याच्या सत्तावीसवर लिहिलं:
निकेल, पुन्हा पाठवणे.