रात्रपाळी

घणसोलीच्या मैदानात दीक्षिता चढाईला गेली
आणि कुणाचा तरी गुडघा तिच्या कानामागे बसला.
उठली, माती झटकली, हसली,
आणि समोरच्या संघात जाऊन उभी राहिली.
तेव्हा कळलं.

वाशीला फोटो काढले.
आत रक्त नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
मेंदू हललाय, इतकंच.
ते 'इतकंच' मी रिक्षात मांडीवर धरून आणलं घरी.

दारातच भिमाकाकू:
निजू नको देव रं पोरीला, डोक्याचा मार हाय.
बाई तर म्हणाल्या होत्या, झोपू द्या.
झोपेनंच भरून येईल.
फक्त दोन-दोन तासांनी हाक मारा.
उलट्या व्हायला लागल्या, बोलणं अडखळलं,
हाक मारूनही जाग येईना,
तर सकाळची वाट बघू नका.

मी रबाळ्याला बॉयलरवर, सव्वीस वर्षं.
दर दोन तासांनी काटा बघायचा, आकडा लिहायचा.
एवढं एक काम मला येतं.
कंपनीच्या जुन्या डायरीत तारीख टाकली,
हिला आतल्या खोलीत झोपायला लावलं.

अकरा. हाक मारली. नाव सांगितलं, वर चिडली.
शेरा: चिडणे समाधानकारक.

एक. मोबाईलचा उजेड बोटांआडून डोळ्यांवर.
दोन्ही बाहुल्या एकदम आक्रसल्या,
पाऊल वाजताच खाडीतले निवटे
बिळात शिरतात तशा.

मग पंखा बंद केला, श्वास ऐकू यावा म्हणून.
तिला घाम आला. लावला.
मग हाताची पाठ नाकाशी धरून बसलो.
बॉयलर गप्प झाला की आम्ही धावत सुटतो.
इथे गप्प असणं हेच हवंय म्हणे.
हे अंगवळणी पडायला
एक रात्र पुरत नाही.

तीन. आपण कुठे आहोत, बाळा?
रेषेवर, म्हणाली.
माझ्या पोटात खड्डा.
कुठल्या रेषेवर?
मधल्या. दम सुटायच्या आत परत यायचंय ना.
चप्पल पायात घातली, रिक्षावाल्या पांडुरंगचा नंबर काढला,
तेवढ्यात एक डोळा उघडून म्हणाली,
स्वप्न होतं, बाबा. घरीच आहोत. आज रविवार.
झोपू द्या ना.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं, सुचलं नाही.
रविवार बरोबर, एवढं लिहिलं.
चप्पल काढली नाही.

पाचचा रकाना कोरा राहिला.
कंपनीत यासाठी मेमो मिळतो.

जाग आली तेव्हा उन्हं गॅलरीत,
ती कुशीवर, श्वास सावकाश,
आणि डायरीत पेन्सिलीनं:
५.१०. बाबा घोरत आहेत. आवाज नियमित.

लिहू नकोस म्हणून सांगितलं होतं तिला.
अक्षर थोडं उजवीकडे कललेलं.
मी हळूच कपाट उघडलं,
दहावीची वही शोधून काढली,
आणि तिथं उकिडवा बसून
वेलांट्या ताडून पाहू लागलो.