चौथा ढीग

बत्तीस वर्षं सिमेंट कालवलं.
हातावरच्या रेघा त्यानं खाल्ल्या,
रेशन दुकानातलं मशीन माझा अंगठा ओळखत नाही.
अशा माणसाला मंगळवेढ्याच्या पुढं, मरवड्याच्या रस्त्याला,
नऊ एकरांच्या एका शेतावर बोलावलं,
म्हणे शिकवायला.
पाटीवर मोठ्या अक्षरात शेतशाळा,
खाली बारीक अक्षरात ट्रस्टचा नोंदणी क्रमांक.
पगार थोडा, पण वेळेवर.
दुपारी मालदांडीची भाकरी,
ज्यांनी पेरली त्यांच्याच हातची,
म्हणून कुठं जाड, कुठं भोक.

देशमाने बाई म्हणाल्या,
मेस्त्री, इथं सिमेंटची गोणी यायची नाही.
चपला काढा, चिखलात उतरा.
थापी पिशवीतच राहिली.
म्हटलं, पोरखेळ आहे, नाचू चार दिवस.

पहिला ढीग काळीचा.
कडबा तोडून घातला, शेण घातलं,
पंधरा पोरं तुडवायला.
बुधवारी भिंत उभी राहिली,
रविवारी तिच्यात माझा पंजा जाईल एवढी भेग.
मला आधीच माहीत होतं.
बोललो नाही.

दुसऱ्यात वाळू फार झाली.
भेंडे वाळले छान,
उचलले की हातात नुसती कड.

तिसरा मी एकट्यानं कालवला, सगळे निजल्यावर.
ओढ्यावरच्या पुलाच्या कामावरनं
अर्धं घमेलं मागून आणलं होतं.
कशाचं, ते विचारू नका.

हाजराबी रोज बांधावरनं शेळ्या नेते.
एवढे दिवस बघत होती, त्या दिवशी थांबली.
काळीत पेरायचं असतं बाबा,
राहायचं पांढरीत.
एवढं बोलून शेळीच्या मागं निघालीसुद्धा.
पोरं तिच्या मागं, पोरांच्या मागं मी.
जुन्या गावठाणात, कुणाचं तरी घर
बसत बसत जमीन झालं होतं तिथं,
तिनं चिमूट उचलली, जिभेवर ठेवली, थुंकली.
ही खारी. माळवदावर टाका, गवत धरत नाही.
चार पावलं पुढं गेली, पुन्हा जीभ.
ही भिंतीला.
आणि भिजू द्या. वास सुटेपर्यंत हात लावू नका.

सहा दिवसांनी वास सुटला.
बायकोनं मला अंगणातच आंघोळ करायला लावली.

कुडाला तुरकाट्या बांधताना
सोलापूरच्या पूर्वभागातली यमूलांची तेजस्विनी
माझ्या हातातलं सोडवायला लागली.
बाप टॉवेलच्या कारखान्यात, आजा हातमागावर.
मेस्त्री, बांधू नका ओ, विणा की.
एक वरनं, एक खालनं.
बत्तीस वर्षांत मला कुणी
भिंत विणायला सांगितली नव्हती.
बोटं तिची चालत होती, माझी अडत होती,
संध्याकाळपर्यंत कमरेएवढा कूड झाला
आणि त्यातनं वारा गाळून येत होता.
मग चौथा ढीग त्यावर लिंपला, हातानंच.

आता एप्रिल.
घरी माझ्या स्वतःच्या हातचा स्लॅब,
रात्री दोनलाही त्याच्याखाली भाजतं.
मी काहीतरी कारण काढून शेतावरच झोपतो.
पाठ भिंतीला लावून.

चारही ढिगांतली थोडी थोडी माती
बाईंनी धड्यासाठी राखलीय, रोज पाणी मारून.
काल त्यांच्यावर कुंभारीण आली,
दोऱ्यानं आवळल्यागत कमर.
पहिल्यावर बसली, उठली.
दुसऱ्यावर नुसती घिरटी.
तिसऱ्यावर बसली, तोंड लावलं,
पुन्हा लावलं, उडाली.
चौथ्यातली गोळी घेऊन गेली ती
आली, गेली, आली.

मेस्त्री, तिसऱ्यात काय आहे हो?
सातवीतल्या एका पोरानं विचारलं.
बाई वहीत काहीतरी लिहीत राहिल्या.
सिमेंट, मी म्हणालो.

कुंभारणीनं घर धरलंय
खिडकीच्या चौकटीत, खिळ्याला टांगलेल्या
माझ्या ओळंब्याच्या दोरीवर.
काढायचा म्हटलं तर पोरं काढू देत नाहीत.
पुढची भिंत डोळ्याच्या अंदाजानं चाललीय,
दोन बोटं पूर्वेला कलतीय बहुतेक.