तळातला कडबा

विट्याच्या स्टँडमागं माझं दुकान.
कव्हरं, चार्जर, रिचार्ज; पावसाळ्यात छत्र्याही.
लेंगऱ्याच्या तानूआत्या आल्या
तेव्हा मी एका फोनच्या पोटात पडलेला स्क्रू शोधत होतो.
पदराच्या गाठीतून त्यांनी फोन काढला,
बटणांचा, रबरबँड लावलेला.
"दोन म्हैनं बंद हुता. पैसं भरलं तर ह्ये आलं.
बघ की, काय लिवलंय."

पाच मेसेज.
पाचही नुसते चौकोन,
भट्टीत जायच्या आधी उन्हात मांडलेल्या विटांसारखे.
एका ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह, तेवढंच ओळखीचं.
नंबर प्रणीलचा. भावाचा मुलगा.
ईरोडला बापाचं गलाईचं दुकान बसेपर्यंत
तीन वर्षं ह्यांच्या कडेवर होता.
मग गेला तिकडं,
तिथल्या शाळेत, तिथल्या पाटीवर.

मी पाचही माझ्या फोनवर धाडले.
विटा फुटल्या, आतून अक्षरं निघाली:
गोल, गाठी मारलेली, शेपटाला आकडा असलेली.
चौकोन होते तोवर वाटत होतं, काहीतरी झाकलंय.
आता सगळं उघडं, आणि तरी वाचता येईना.
त्यात रेंजनं खेळ केला:
धाडले एका क्रमानं, पोचले भलत्याच.

शेजारच्या रसवंतीत दिनकरतात्या बसलेले.
सेलमला बत्तीस वर्षं मुशीपुढं काढलेली,
सोनारांच्या दुकानातली झाडलोट आणायची
आणि तिच्यातून गुंजभर सोनं.
चष्मा पुसून म्हणाले,
"अक्षरं तमिळ हायत. बोली न्हाय.
'पाबा मनतात, विचार.' आता ह्ये काय?
आणि ह्ये, 'कावी येऊ का?' कावी म्हंजे?"

तानूआत्या हसल्या.
"गावी. गावी येऊ का म्हंतंय.
दात येत हुतं तवा असंच बोलायचं प्वार.
भाकरीला पाकरी, घोड्याला कोडा."
"त्या लिपीत ग न्हाय, घ न्हाय," तात्या म्हणाले,
"एका क मधी चौघं नांदत्यात."

मग तात्या वाचत गेले, आत्या दुरुस्त करत गेल्या,
मी बिलांच्या पाठीवर लिहीत गेलो.
काचेवर पाच चिठ्ठ्या:
बाबा म्हणतात, विचार.
नको मग.
परीक्षा संपली.
तू काहीच बोलत नाहीस.
गावी येऊ का?

तारखा बघाव्या, तर आत्यांच्या फोनचं घड्याळ
बॅटरी निघाली की जानेवारीत जाऊन बसतं.
पाचही एक जानेवारीचे, रात्री बाराचे.

तात्यांनी चिठ्ठ्या हलवल्या.
परीक्षा, येऊ का, बाबा, बोलत नाहीस,
आणि शेवटी, हलक्या हातानं, नको मग.
मलाही तसंच वाटलं. काही बोललो नाही.
रसवंतीचं घुंगरू तेवढं वाजत होतं.

आत्या बराच वेळ बघत राहिल्या.
"गंजी रचताना पयला कडबा तळाला जातू," म्हणाल्या,
"पर जनावर हंबरलं की कुठनं उपसायचा
त्ये आपुन ठरवायचं."
त्यांनी 'नको मग' उचलली, सगळ्यांच्या आधी ठेवली.
आणि 'गावी येऊ का?' सगळ्यात शेवटी.
"आदी रुसलं. मग इचारलं."

तात्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.
"काय कळवू?"
"ये म्हनावं."

तमिळ कळफलक उतरायला वेळ लागला,
तात्यांना ते अक्षर सापडायला त्याहून जास्त.
आत्यांनी काचेला बोट न टेकवता
हवेतच ते एकदा गिरवलं.
"ह्येचं उलटंपालटं न्हाय ना व्हनार वाटंत?"
"एकच अक्षर आहे, आत्या."

गाडीला अजून अवकाश होता.
पाचही चिठ्ठ्या त्यांनी रबरबँडात अडकवल्या,
त्यांनी लावल्या होत्या त्याच क्रमानं,
आणि सुटे पैसे शोधत बसल्या.