आठ कळ्या

शाळेच्या कागदावर एक लांबट पान काढलेलं,
पोटाशी फुगीर, टोकाला निमुळतं,
खाली सूचना : असे आठ तुकडे कापा.
ऊर्वी म्हणाली, याला गोअर म्हणतात.
मी म्हटलं, याला कळी म्हणतात.
सहा कळ्यांचे परकर मी किती शिवले त्याला गणती नाही,
हा आठ कळ्यांचा, आणि उलटा धरायचा, एवढंच.
"आई, वर्गात परकर म्हणायचं नाही हं."
नाही म्हणत.

कीथलीत माझं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली.
काचेवर पाटी : चेन बदलून मिळेल, उंची कमी करून मिळेल.
तिथल्या टेबलावर, एका नवरीचा गाऊन बाजूला सारून,
आम्ही पतंगी कागद पसरला.
नारिंगी पाचच निघाले. बाकीचे तीन पांढरे,
बुटांच्या खोक्यांतले, कोमट इस्त्रीने सरळ केलेले.
कापडाची कात्री कागदाला लावायची नाही,
हे मी तिला ती रांगत होती तेव्हापासून बजावत आले.
त्या रात्री मीच लावली.

पहिल्या फुग्याला मी मैद्याची खळ केली,
दाट, शिजवून, हात आखडता न घेता.
हेअर ड्रायर घरघरला. फुगा फुगला,
गुबगुबीत झाला आणि बसून राहिला
जेवण झालेल्या पाहुण्यासारखा.
ऊर्वीने तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला :
कागद बेचाळीस ग्रॅम, खळ एकोणचाळीस.
"आई, तू शिवण फार पक्की केलीस."
ही तक्रार माझ्याकडे
आजवर एकाही गिऱ्हाइकाने आणली नव्हती.

दुसऱ्याला नखभर डिंक. जोड इतका नाजूक
की मी बघायचंच टाळलं.

फेब्रुवारीतला शुक्रवार. मैदानावर हिमाची साय,
बुटांखाली कुरकुर.
मिसेस ओल्डरॉइड हात चोळत म्हणाल्या, आज छान थंडी आहे.
छान?
ऊर्वी समजावू लागली, शिकवणीच्या बाईंसारखी :
आतली हवा गरम असून भागत नाही, आई,
बाहेरची गार लागते. उचलतो तो फरक.
चौदा वर्षं मी या गावच्या थंडीला शिव्या देत आले,
दोन मोज्यांतून, तीन स्वेटरांतून.
त्यातली एकही परत घेतली नाही,
पण जरा गप्प झाले.

कॅम्पिंगची शेगडी, तिच्यावर पत्र्याचं नळकांडं,
पाण्याची बादली घेऊन केअरटेकर उभा, तोंड आंबट करून.
चार मुलांनी किनार धरली. एक हात कमी पडला म्हणून मला बोलावलं.
कागद आधी चुरचुरला, मग त्याला पोट आलं,
मग खांदे.
माझ्या धंद्यात घेर खाली पडतो.
कितीही झुळझुळीत कापड घ्या, खालीच पडतो,
आणि मी गुडघ्यांवर बसून, ओठांत टाचण्या धरून
त्याची किनार जमिनीपासून मोजते.
हा घेर माझ्या चिमटीतून वर ओढत होता.
हळू, पण हट्टाने,
बाजारात हात सोडवून घेणाऱ्या पोरासारखा.

"सोड ना, आई."
बाकीच्यांनी केव्हाच सोडलं होतं.

मुलं मोजत होती. जिमच्या छपरापर्यंत नऊ,
तिथे एक पांढरी कळी उन्हात आली,
चौदाला तो कलला, एकोणीसला
चॅपलच्या पन्हळीत जाऊन बसला.
केअरटेकर म्हणाला, शिडी मिळणार नाही.
संध्याकाळी पाऊस झाला. काळ्या दगडावरून
नारिंगी ओघळ उतरला, दाराच्या कमानीपर्यंत.
अजून आहे. मी दुसऱ्या फुटपाथवरून जाते.

अहवालात एक रकाना होता : मदत कोणाची?
तिने लिहिलं, माझी आई. ती कळ्या कापते.
कळ्या हा शब्द तिने इंग्रजी अक्षरांत लिहिला होता,
त्याखाली बाईंची लाल रेघ,
आणि प्रश्नचिन्ह.

सोमवारी नवरीच्या गाऊनला कात्री लावली
तर ती सॅटिनवर अडखळली.
धार लावायला द्यायला हवी.
अजून दिलेली नाही.