शिक्का

हिऊमा बेटावर, पोस्टात, मी एकटीच.
मी आणि तारखेचा शिक्का:
लाकडी मूठ, आत पितळी चाकं,
रोज सकाळी टाचणीच्या टोकानं
कालचा दिवस ढकलून द्यायचा.
नव्वदच्या पहिल्या कामाच्या सकाळी
नवाचं चाक शाईत चिकटून बसलं होतं.
मी फुंकर मारली, रॉकेलचं बोट फिरवलं,
तेवढ्यात दार ढकलून दोघंही आत. बुटांना बर्फ.

एन्डेल म्हणाला, दशक संपलं, होडी माझी.
काल्यो म्हणाला, अजून एक वर्ष आहे.

त्यांच्या बापानं मरताना कागद केला होता:
दशक संपेतो होडी थोरल्याची, मग धाकट्याची.
म्हाताऱ्यानं उभ्या जन्मात एवढीच एक ओळ लिहिली
आणि तिच्यातही ही फट.

काल्यो माझ्या काउंटरवर नाणी मांडायला लागला.
एक. दोन. तीन.
"दहावं नाणं हातावर पडल्याशिवाय
दहा मिळाली म्हणशील का?
सन एकच्या आधी सन शून्य कुणी पाहिलंय?
दहावं लागलं म्हणजे दहा सरली नव्हेत."
एन्डेलनं नाणी कोपरानं बाजूला सारली.
"तुझी नात जन्मली तेव्हा एक वर्षाची होती काय?
आणि 'नव्वद' म्हण बरं मोठ्यानं.
ऐंशी ऐकू येतात का त्यात कुठं?"

मग दोघंही माझ्याकडे वळले.
"ताइमी, चाक तू फिरवतेस. तू सांग."
मी म्हटलं, मी फक्त फिरवते.

हिल्या रांगेत होती, पेन्शनसाठी, मोजा विणत.
हिल्या म्हणजे आमच्या भाषेत उशीर;
सात भावांनंतर झालेली.
मान वर न करता म्हणाली,
"सुईवर आधी टाके घालतात ना,
ती ओळ मी मोजत नाही.
पण ती उसवून बघा."
दोघंही एकदम म्हणाले,
बघ, मी काय सांगत होतो!

ते सबंध वर्ष होडी किनाऱ्यावर पालथी.
काल्यो हात लावेना, एन्डेल बघेल म्हणून.
एन्डेल लावेना, काल्यो बघेल म्हणून.
मे महिन्यात तिच्याखाली एक समुद्री बदकीण बसली.
पाच अंडी,
स्वतःच्याच छातीची पिसं उपटून केलेली गादी.
दोघं भाऊ पाळीपाळीनं मांजरं हाकलत राहिले,
एकमेकांशी चकार शब्द न बोलता.
हेरिंग त्या साली भरपूर आला म्हणतात.
आमच्या गल्लीनं विकत घेतला.

जानेवारीत, एक्याण्णवच्या, होडी बिनबोभाट
एन्डेलच्या अंगणात गेली.
ऑगस्टात शिक्क्यावरचं देशाचं नावच गेलं.
जुनी मूठ मी खणात टाकली.
नव्या शिक्क्यात नाव वेगळं, भाषा आपली,
आकडे तेच, आणि नवाचं चाक
तसंच अडणारं.

दोन हजार साली, मार्चात, एन्डेल वारला.
जमीन इतकी गोठलेली
की कबर खणायच्या आधी तिच्यावर शेकोटी पेटवावी लागली.
पाद्री तरुण, मुख्य भूमीवरचा, कुणालाच न ओळखणारा.
विचारू लागला, याच्याविषयी चार शब्द काय बोलू?
काल्यो टोपी हातात फिरवत राहिला,
काठ धरून, थोडी थोडी पुढं, बराच वेळ.
मग म्हणाला,
"सांगा की त्यानं नवं शतक पाहिलं.
तीन महिने पाहिलं."
मागच्या बाकावर हिल्याच्या सुया थांबल्या.

फाटकाशी तो माझ्याजवळ आला.
टोपी अजून हातातच, कान लाल झालेले.
"शतक दिलं त्याला," म्हणाला.
"दशकाचं मी अजून
मान्य केलेलं नाही."